आरोग्य विभाग विषमता कमी करतो म्हणजे नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरातल्या सुखवस्तू जुळे सोलापुरात आणि विडी कामगारांच्या विडी घरकुलात लस एकच, योजना त्याच, मग आजारपणात आणि बाळंतपणात एवढा फरक का पडतो? आणि तो कमी करायला आरोग्य विभाग दवाखाने चालवण्यापलीकडे काही करतो का? तुम्ही समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पुढच्या महिन्यापासून एका नागरी आरोग्य केंद्रात क्षेत्रकार्याला जाणार आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सोलापुरात नागरी आरोग्यसेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण हा विषय काही डोक्यातून निवृत्त झालेला नाही.

आधी एक छोटं गणित करू. नागरी आरोग्य केंद्राचा निकष साधारण 50,000 लोकसंख्येला एक असा आहे. समजा, अशा एका केंद्राच्या हद्दीत वर्षाला 750 बाळं जन्मली आणि त्यांतल्या 690 बाळांना गोवर-रुबेलाचा डोस मिळाला. म्हणजे 92 टक्के. आढावा बैठकीत या आकड्याला कुणी बोल लावणार नाही. पण राहिलेली 60 बाळं राहतात कुठं, हे विचारलं की चित्र पालटतं. समजा, त्यांतली 40 दोनच वस्त्यांमधली आहेत आणि त्या दोन वस्त्यांत मिळून जन्म झाले होते 100. मग तिथलं लसीकरण 60 टक्के झालं आणि उरलेल्या सगळ्या भागाचं जवळपास 97. एकाच केंद्राच्या एकाच रजिस्टरमध्ये अशी दोन वेगळी गावं नांदत असतात. गोवराला थोपवायचं तर साधारण 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. तो सरासरी बघून येत नाही, थेट त्या 60 टक्क्यांच्या वस्तीत शिरतो. 2022 मध्ये महाराष्ट्रात गोवराचे उद्रेक झाले तेव्हा गोवंडी, मालेगाव, भिवंडी ही नावं सारखी कानावर येत होती. तिन्हीकडे दाटीची, हातावर पोट असलेली वस्ती आहे.

तेव्हा विभागाचं पहिलं काम म्हणजे ही सरासरी फोडणं. वॉर्डाचा आकडा नको, वस्तीचा हवा; वस्तीचाही नको, गल्लीचा आणि घराचा हवा. ऐकायला हे कारकुनी काम वाटेल, पण माझ्या लेखी विषमता कमी करण्याची सुरुवात इथूनच होते. जो यादीत नाही, त्याला कुठलीही योजना शोधत येत नाही. त्याच्या घरचं मूल आजारी पडलं तरी आकड्यात दिसत नाही आणि दगावलं तरी अनेकदा दिसत नाही.

यादी करते आशाताई. शहरात साधारण 1,000 ते 2,500 लोकांमागे एक आशा असते, तीही त्याच वस्तीत राहणारी. ती घरोघर जाऊन हेड काउंट करते: घरात माणसं किती, गरोदर कोण, दोन वर्षांखालची मुलं किती, तिशीच्या पुढचं कोण. त्यावरून सिस्टर ड्यू लिस्ट काढतात, म्हणजे या महिन्यात कुणाचा कुठला डोस आहे आणि कुणाची तपासणी आहे. इथं एक गाठ आहे, ती पुस्तकात सहसा सापडत नाही. आशा त्याच वस्तीतली हवी आणि ती दहावी झालेली असावी अशी अपेक्षा असते. ज्या वस्तीत मुलींची शाळा सातवी-आठवीतच सुटते, सोळा-सतराव्या वर्षी लग्न लागतं, तिथं अशी बाई सापडत नाही. पद रिकामं राहतं. म्हणजे ज्या वस्तीला आशाची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथंच आशा नाही, तिथलीच यादी नाही. मग शेजारच्या वस्तीच्या आशाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो आणि ती आपलं काम उरकून वेळ मिळाला तर तिकडे डोकावते. शिक्षणाची अट शिथिल करता येते, तशी तरतूद आहे. पण त्यासाठी कुणीतरी प्रस्ताव करावा लागतो, आणि निवडलेल्या बाईला लिहिण्या-वाचण्यात पुढं वर्षभर हात द्यावा लागतो. आठवी झालेली, पण वस्तीत जिच्या शब्दाला मान आहे अशी बाई दहावी झालेल्या परक्या बाईपेक्षा कितीतरी जास्त घरं उघडते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ही घर शोधण्याची शिस्त आपल्याला पोलिओनं शिकवली. रविवारी बूथ, आणि पुढचे काही दिवस घरोघर. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या घराच्या भिंतीवर खडूनं पी, आणि एखादं जरी मूल राहिलं असेल, घराला कुलूप असेल किंवा नकार असेल, तर एक्स. संध्याकाळी टीम परत आली की आमचा पहिला प्रश्न किती डोस दिले हा नसायचा, एक्स घरं किती राहिली हा असायचा. त्या घरी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. एस. टी. स्टँडवर टीम, रेल्वे स्टेशनवर टीम, वीटभट्टीवर टीम, बांधकामाच्या साइटवर टीम. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. लस चांगली होती हे खरंच, पण शेवटचा टप्पा गाठला तो एक्स घरांमागे लागल्यामुळे. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेलं मिशन इंद्रधनुष हे बाकीच्या लसींसाठी तीच पद्धत वापरतं.

आता सोलापूरकडे वळते, कारण इथली एक्स घरं कुठली हे ओळखल्याशिवाय वरचं सगळं हवेत राहील.

पूर्व भागात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, दोरा, आणि बाजूला किंवा त्याच मांडीवर मूल. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. ठरलेल्या वेळी ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या विड्या गोळा करण्याच्या केंद्रावर, जाऊन विड्या द्यायच्या. तिथं छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, तर तेवढी मेहनत वाया. आमचं लसीकरणाचं सत्र सकाळी दहा ते दुपारी दोन असायचं, आणि तीच वेळ कुठल्या ना कुठल्या ब्रँचची असायची. बाई बाळाला घेऊन सत्राला आली तर विड्या राहतात. शिवाय पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, डोसनंतर बाळाला रात्री ताप येतो, ते किरकिरतं, मांडीवरून उतरत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे हजार पुरे होत नाहीत. आम्ही याला कागदावर ‘अज्ञान’ आणि ‘गैरसमज’ म्हणत होतो. ते अज्ञान नव्हतं, हिशेब होता, आणि त्या बाईचा हिशेब बरोबर होता. विभागानं करायचं ते एवढंच की तिच्या हिशेबात लसीची किंमत कमी करायची. सत्र ब्रँचच्या जवळ आणि ब्रँचची वेळ सांभाळून ठेवायचं. ताप येईल हे आधीच स्पष्ट सांगायचं, पॅरासिटामॉल कसं द्यायचं ते हातात बाटली ठेवून दाखवायचं, आणि त्या संध्याकाळी आशाताईनं एक चक्कर मारायची. पहिल्या डोसनंतर कुणी विचारपूस करायला आलं, तर ती बाई दुसऱ्या डोसला आपणहून येते.

माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका वस्तीत महिन्यातून एकदा सत्र असायचं. लागोपाठ दोन महिने चार-पाचच बाळं आली. मी रजिस्टरमध्ये शेरा मारला, ‘पालकांचा प्रतिसाद नाही.’ तिसऱ्या महिन्यात तारीख ठरवताना आशाताईनं धीर करून सांगितलं, “मॅडम, मागल्या दोन्ही टायमाला पाण्याचा दिवस होता.” सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे तुम्हाला समजावायला नको. तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा नळाला पाणी येणार, त्या दोन-तीन तासांत पुढच्या साऱ्या दिवसांचं भरून घ्यायचं. त्या वेळी घरातली बाई कुठंही जाऊ शकत नाही, बाळाच्या लसीसाठीही नाही. मी स्वतः याच शहरात राहत होते, पण माझ्या घरावर टाकी होती, म्हणून हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो शेरा आजही मला बोचतो. त्यानंतर आमच्या केंद्रात महिन्याचा मायक्रोप्लॅन, म्हणजे कुठं कधी सत्र घ्यायचं याचं नियोजन, करताना त्या त्या भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, फोन जायचा, आणि त्यानं सांगितलेल्या पाण्याच्या तारखा टाळून सत्रं लागायची. सरकारी नमुन्यात चावीवाल्यासाठी रकाना नाही. तो आम्ही पेन्सिलीनं आखला.

भाषेचंही तसंच. पूर्व भागात घराघरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, नई जिंदगी भागाकडे दखनी उर्दू. बाहेर मराठी सगळ्यांनाच येते, म्हणून आपण समजतो की प्रश्न नाही. पण अंगावरून जाणं, पोटात बाळ न हलणं, नवऱ्यानं मारलेलं, या गोष्टी माणूस आईच्या भाषेतच सांगतो. तेलुगू बोलणारी सिस्टर दारात उभी राहून “अक्का” म्हणाली की जे पाच मिनिटांत कळायचं, ते माझ्या ओपीडीत तीन भेटींतही कळत नसे. सिस्टरची नेमणूक करताना तिला कुठली भाषा येते हे बघणं हा विषमता कमी करण्याचा बिनखर्ची उपाय आहे. दुर्दैवानं बदल्यांच्या यादीत तो निकष नसतो, तो अधिकाऱ्यानं स्वतः लक्षात ठेवावा लागतो.

पुढची एक्स घरं म्हणजे हललेली घरं. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, ती घरं 2006 मध्ये मिळाली. पुढं त्याच बाजूला 30,000 घरांचा रे नगर प्रकल्प आला, त्यातली पहिली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये वाटली गेली. झोपडीतून पक्क्या घरात जाणं हा कुठल्याही औषधाहून मोठा आरोग्याचा उपाय आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. घर हललं की आरोग्याचा कारभार महापालिकेकडून जिल्हा परिषदेकडे जातो. कुठल्याही शहरात असं घडलं की जुन्या वस्तीच्या रजिस्टरमध्ये नावापुढं ‘स्थलांतरित’ लिहिलं जातं आणि पान उलटतं. नव्या ठिकाणच्या रजिस्टरमध्ये ते नाव चढायला महिने लागतात. मधल्या काळात ती गरोदर बाई कुणाचीच नसते. तुम्ही क्षयरोगाचा रुग्ण असाल आणि सहा महिन्यांच्या औषधांतला तिसरा महिना चालू असेल, तर ही मधली पोकळी जिवावर बेतू शकते. विभागाचं काम असं की ‘स्थलांतरित’ हा शेरा नुसता लिहायचाच नाही. त्याच्यापुढं नवा पत्ता, फोन नंबर आणि पलीकडच्या कुठल्या सिस्टरला कळवलं तिचं नाव लिहायचं.

ऊसतोडीच्या टोळ्यांची गोष्ट याच जातीची. आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून जोडपी येतात, कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारात ती फडात गेलेली असतात, त्यामुळे दहा वाजता गेलेल्या टीमला कोपीत भेटतात ती लहान भावंडं सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची पोरं. बाळाचं लसीकरण कार्ड एक तर गावाकडे राहिलेलं, नाहीतर पेटीच्या तळाशी. मुकादमाकडून टोळ्यांची यादी घेणं, संध्याकाळी सातनंतर जाणं, कार्ड नसेल तर आईला आठवतं ते विचारून उरलेले डोस देणं आणि नवं कार्ड हातात ठेवणं, असं हे काम असतं. लसींची नोंद आता ऑनलाइन पोर्टलवर होते, त्यामुळे बीडमध्ये दिलेला डोस माळशिरसच्या सिस्टरला दिसू शकतो. ही फार मोठी सोय झाली.

आता बाळंतपण. मातामृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं. घरी जाऊन सासूला, नवऱ्याला, शेजारणीला विचारून सगळी हकिकत लिहून काढतात आणि समिती त्यावर बसते. त्यात तीन उशीर शोधतात: दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. विभागाला विषमता कुठं मुरलेली आहे हे याहून स्पष्ट कुठंच दिसत नाही, मात्र समितीत बसलेल्यांनी दोष द्यायचा मोह आवरला पाहिजे. मी एका अन्वेषणाला गेले होते. बाई चौथ्या खेपेची, रक्त फार कमी. गोळ्या तिला प्रत्येक महिन्यात दिलेल्या होत्या, रजिस्टर अगदी चोख. घरी गेलो तर फळीवर गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडलेल्या. सासू म्हणाली, रिकाम्या पोटी घेतली की उलटी व्हायची आणि सकाळी चहापलीकडे पोटात काही नसायचं. आम्ही गोळ्या ‘दिल्या’ होत्या. तिनं त्या ‘घेतल्या’ नव्हत्या. आणि आमच्या नमुन्यात या दोन क्रियापदांना एकच रकाना होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या, शेवटी जेवणाऱ्या, लवकर लग्न झालेल्या बाईच्या वाट्याला त्यातला मोठा भाग येतो. त्या घटनेनंतर आम्ही गरोदर बायांच्या भेटीत गोळ्या मोजायला लागलो, जेवणानंतर झोपताना घ्यायला सांगायला लागलो, आणि हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या बायांची वेगळी यादी करून त्यांना शिरेतून लोह देण्यासाठी बोलावायला लागलो. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर तपासतात. जोखमीच्या बायांना त्या दिवशी रिक्षात घालून घेऊन जाण्याचं काम आशाताईच करते. तिनं ते केलं नाही तर 9 तारखेला गर्दी होते ती आपलं आपण येऊ शकणाऱ्या बायांची.

या सगळ्यानं खरंच फरक पडतो का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. यायलाच हवा. याचं सगळ्यात भक्कम उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भारतातली ही पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. शहरात नोंदणी करणं सोपं, रुग्णालयांचे कागद गोळा करायचे. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता, मग कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णाला तपासणीला आणलं. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. यादी करायला जाणारा माणूस नियमानं दारात येत राहिला, बोलत राहिला, त्याचा हा परिणाम.

पुढं याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या रुग्णालयानं मिळून केलेला अभ्यास जगभर गाजला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या, आणि निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं झालेले मृत्यू नेहमीची सेवा मिळणाऱ्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. कोरडवाहू खेड्यातल्या, कधी अंतर्गत तपासणी न झालेल्या बायांमधला हा निकाल आहे. दारिद्र्य हटेपर्यंत आरोग्यात काही होणार नाही असं कुणी म्हणालं की मी बार्शीचं नाव घेते.

तरीही विभागाच्या हाताबाहेरचं बरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डेंग्यूचंच बघा. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी रोज आलं असतं तर बॅरल, रांजण, हौद भरून ठेवावेच लागले नसते. ज्याच्याकडे झाकणाची टाकी आहे तो सुटतो. ज्याच्याकडे उघडं बॅरल आहे तो अडकतो. आम्ही दारात जाऊन ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ सांगायचो. बायका विचारायच्या, भरलेलं पाणी ओतून द्यायचं, मग चार दिवस प्यायचं काय? त्यांचं बरोबर होतं. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. एक, जे शक्य आहे तेच सांगायचं: बॅरलला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधा, पाण्याच्या दिवशी नवं भरण्याआधी आतून घासून घ्या, मोठ्या हौदात आम्ही अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतो. दुसरी, आपल्याकडचे आकडे पाणीपुरवठा विभागासमोर ठेवायचे: कुठल्या भागात किती घरांत अळ्या सापडल्या आणि तिथं पाणी किती दिवसांनी येतं, हे एका नकाशावर. आरोग्य विभागाला पाइप टाकता येत नाही, पण पाइप नसल्यानं कोण आजारी पडतं याचा पुरावा त्याच्याइतका कुणाकडेच नसतो. तो पुरावा कपाटात ठेवणं हे कामात कसूर करणंच आहे, असं मी मानते.

क्षयरोगाबद्दल थोडक्यात. विड्यांच्या आणि सुताच्या धुळीत, एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथं तो घर धरून राहतो. औषधं फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 मिळतात. अडतं ते बँक खात्यात आधार जोडलेला नसण्याशी, आणि लग्नाच्या मुलीचं निदान लपवण्याशी. पहिलं केंद्रातला कर्मचारी एका दुपारी सोडवू शकतो. दुसऱ्यासाठी घरी जाऊन बसावं लागतं, आणि जाताना अंगावर पांढरा कोट नसलेला बरा.

यंत्रमागावरच्या पुरुषांना आम्ही फार उशिरा ओळखलं. बारा तासांची पाळी करणारा माणूस सकाळच्या ओपीडीला येऊच शकत नाही. रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या याद्यांमध्ये बायाच बाया असायच्या. पुरुष दिसायचा तो थेट पक्षाघात झाल्यावर, सिव्हिलमध्ये. संध्याकाळी उघडे राहणारे दवाखाने त्यामुळे महत्त्वाचे. पण संध्याकाळी दवाखाना उघडा असणं आणि तिथं रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या असणं, या दोन्ही गोष्टी लागतात. गोळ्या दोनदा संपलेल्या दिसल्या की तिसऱ्यांदा तो येत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हाच सगळ्यात अवघड. कमी असलेले हात असमान वाटावे लागतात. प्रत्येक भागाला महिन्यात सारखीच सत्रं, सारख्याच सिस्टर, हे वाटप कुणाला दुखवत नाही, म्हणून तेच चालू राहतं. मी एकदा चांगल्या सोयी असलेल्या भागातलं एक सत्र कमी करून ते लसीकरण कमी असलेल्या वस्तीला दिलं. तक्रार आली, वरून विचारणा झाली. मी वस्तीवार आकडे घेऊन गेले आणि निर्णय टिकला. आकडे नसते तर टिकला नसता. म्हणून पुन्हा सांगते, यादी.

तुम्ही केंद्रात रुजू झालात की पहिले काही दिवस ओपीडीत बसू नका. सिस्टरकडून ड्यू लिस्ट मागून घ्या आणि ‘स्थलांतरित’ शेरा असलेली पाच नावं उतरवून घ्या. पाण्याचा दिवस टाळून, ब्रँच सुटल्यावर, संध्याकाळी आशाताईबरोबर त्या गल्लीत जा आणि त्यांचा ठावठिकाणा लावून बघा. शेजाऱ्यांना माहीत नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा. उधारीच्या वहीत नवा पत्ता बहुतेक वेळा मिळतो.